घरचा टोस्टाडा मऊ पडतो किंवा हातात मोडतो: पाणी कुठून येते ते शोधण्याची पद्धत

नोकरीनिमित्त मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला राहायला आल्यापासून स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या स्वयंपाकघरांत मी एकच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केला आहे, की आता त्याच्या तपासणीचा क्रम हाताला बसला आहे. मक्याची टॉर्टिया (पातळ, गोल भाकरी) कुरकुरीत करून तिच्यावर घोटलेले फ्रिहोलेस (राजम्याच्या कुळातील दाणे), कोंबडीचा तिंगा (टोमॅटो-मिरचीत परतलेले उकललेले मांस) किंवा उकडलेला बटाटा, बारीक चिरलेला कोबी, क्रेमा (किंचित आंबूस घट्ट साय), केसो फ्रेस्को (ताजे, भुसभुशीत चीज) आणि साल्सा (टोमॅटो-मिरचीची चटणी) असा सगळा साज चढवला, की पहिला टोस्टाडा झकास लागतो. दुसरा जरा नरम वाटतो आणि तिसरा ताटलीतून उचलेपर्यंत मध्यभागी खचतो. घरचे लोक टॉर्टियाला दोष देतात. माझ्या अनुभवात टॉर्टियाचा दोष क्वचितच निघतो; नको तिथे पाणी पोहोचलेले असते किंवा जायला हवे होते ते पाणी गेलेले नसते. म्हणून खालच्या सगळ्या तपासण्या पाण्याचा माग काढणाऱ्या आहेत. पहिल्या दोन-तीन तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि बहुतेकांचे काम तिथेच भागते.

लक्षणे

बिघडलेला टोस्टाडा टाकून देऊ नये. वरचा ऐवज चमच्याने बाजूला सारून तो उलटा करावा आणि पाठ उजेडात पाहावी. पाठीवर मधोमध रुपयाएवढा किंवा त्याहून मोठा गडद, ओलसर डाग असेल आणि कडा मात्र अजून कुरकुरीत असतील, तर पाणी वरून, म्हणजे रचलेल्या पदार्थांतून आलेले आहे. डाग कुठेच नाही, पण कडेपासून मध्यापर्यंत सगळीकडे सारखाच नरमपणा आहे आणि वर काही रचण्यापूर्वीही तो तसाच होता, असे असेल तर टोस्टाडा साठवणीत सादळला आहे. दातांखाली तो तुटत नाही, ओढावा लागतो, म्हणजे वातड लागतो, तेव्हा तळताना किंवा भाजताना आतले पाणी पुरते बाहेर पडलेले नसते. बोटांना तेल लागते आणि रंग फिकट आहे, तर तेल पुरेसे तापलेले नव्हते. सगळे कुरकुरीत आहे, पण पहिल्याच घासाला चार तुकडे होऊन सगळा ऐवज शर्टावर येतो, अशा वेळी टॉर्टियाची जाडी, तिच्यावरचे फुगे किंवा मूळ पीठ तपासावे लागते.

आणखी एक खूण कानाची आहे. रिकाम्या टोस्टाड्यावर नखाने टिचकी मारली की नीट वाळलेला टोस्टाडा भाजलेल्या खापरीसारखा टणक वाजतो. मधोमध आवाज दबका आणि कडेला टणक असेल, तर तो अर्धा कच्चा आहे. वर काही रचण्यापूर्वी प्रत्येकावर अशी टिचकी मारण्याची सवय मला लागली आहे. पाहुण्यांना ती विचित्र वाटते.

पहिली तपासणी: रचण्याची वेळ आणि क्रम

हिला काहीच खर्च नाही, म्हणून ती आधी. टोस्टाडा किती वेळ आधी रचून ठेवला होता, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. आठ माणसांसाठी सोळा टोस्टाडे एकदम रचून परातीत मांडले, तर शेवटचा माणूस बसेपर्यंत पहिल्या रांगेचे पोतेरे झालेले असते. शेवपुरीवाला मागणी आल्याशिवाय पुरीला हात लावत नाही. इथल्या बाजारांतल्या टोस्टाड्याच्या गाड्यांवर आणि मेक्सिको सिटीतल्या कोयोआकान बाजारातल्या प्रसिद्ध ठेल्यांवरही हेच चालते. भांडी भरलेली असतात, टोस्टाडे कोरडे रचलेले असतात आणि गिऱ्हाईक समोर उभे राहिल्यावरच दोन्ही एकत्र येतात. घरीही वाट्या मांडून ज्याने त्याने आपला टोस्टाडा रचावा. नीट केलेला टोस्टाडा रचल्यानंतर माझ्याकडे दहा-बारा मिनिटे टिकतो. त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

क्रमाला तितकेच महत्त्व आहे. सर्वांत खाली फ्रिहोलेसचा थर हवा, कारण त्यात परतताना घातलेली चरबी असते आणि घट्ट, स्निग्ध लेपातून पाणी सावकाश झिरपते. त्यावर तिंगा किंवा बटाटा, मग कोबी किंवा लेट्यूस, मग क्रेमा आणि चीज, आणि साल्सा अगदी शेवटी, खाणाऱ्याच्या हाताने. अनेक घरांत साल्सा फ्रिहोलेसच्याही आधी थेट टोस्टाड्यावर पसरलेला मी पाहिला आहे; असे केल्यावर पुढचे काहीही वाचवू शकत नाही. सेविचेच्या टोस्टाड्यात फ्रिहोलेस नसतात, तिथे लिंबात मुरलेला मासा थेट येतो. म्हणूनच समुद्री पदार्थांच्या टोस्टाड्यावर आधी मेयोनेजचा पातळ हात फिरवण्याची इथे रीत आहे. चवीसाठी तो असतोच, पण स्निग्ध असल्यामुळे लिंबाचा रसही थोपवून धरतो.

दुसरी तपासणी: वरच्या पदार्थांतले पाणी

पाठीवर मधोमध डाग असेल तर खरा गुन्हेगार इथे सापडतो, म्हणून या तपासणीवर घाई करू नये.

आधी कोबी किंवा लेट्यूस. धुतल्यानंतर चाळणीत पाच मिनिटे निथळणे पुरत नाही, कारण पानांच्या घड्यांत थेंब अडकून राहतात आणि मीठ लागताच सगळे एकदम खाली उतरतात. धुतलेली पाने सुती पंच्यात गुंडाळून झटकावीत आणि चिरणे त्यानंतर करावे. हालिस्कोत, म्हणजे ग्वादालाहारा ज्या राज्यात आहे तिथे, अनेक ठिकाणी लेट्यूसऐवजी कोबी वापरतात, आणि घरच्या टोस्टाड्यासाठी मीही त्याच मताचा आहे, कारण कोबी लेट्यूसपेक्षा उशिरा मान टाकतो.

नंतर टोमॅटो. कच्च्या टोमॅटोची कोशिंबिरीसारखी साल्सा मेक्सिकाना करायची असेल, तर बियांचा गर काढून टाकावा, फोडींना चिमूटभर मीठ लावून त्या गाळणीत पंधरा मिनिटे ठेवाव्यात आणि मगच कांदा, कोथिंबीर व सेर्रानो मिरची मिसळावी. मीठ फोडींतले पाणी बाहेर ओढते. ते वाटीत ओढू दिले नाही, तर टोस्टाड्यावर ओढते. गाळणीखालच्या वाटीत किती पाणी जमते ते एकदा पाहिले, की ही पायरी पुन्हा कोणी गाळत नाही. ते पाणी फेकू नये. भातात किंवा आमटीत छान लागते. शिजवलेला साल्सा असेल तर तो चमच्यावर थांबला पाहिजे. ओघळत असेल तर कढईत आणखी आटवावा.

तिंगा हा पुएब्लाकडचा पदार्थ. उकडलेली कोंबडी उकलून टोमॅटो, कांदा आणि चिपोतले (धुरी दिलेल्या) मिरचीत परततात. घरच्या तिंग्यात रस्सा राहतो आणि आपल्याकडच्या सवयीमुळे तो राहावासाही वाटतो. टोस्टाड्यासाठी मात्र कढईचा तळ कोरडा दिसेपर्यंत तो आटला पाहिजे, आणि वाढताना डावाऐवजी झारा वापरावा.

आता फ्रिहोलेस. सर्वांत जास्त चुका मी इथे पाहिल्या आहेत. ग्वादालाहारात फिकट पिवळ्या रंगाचे ‘पेरुआनो’ फ्रिहोलेस लोकप्रिय आहेत. पिंतो किंवा काळे दाणेही चालतात, आणि भारतात राजमा किंवा चवळी घेऊन मी काम भागवले आहे. दाणे पुरते शिजले नसतील तर ते घोटले जात नाहीत, म्हणून लोक पाणी घालून ते सैल करतात, आणि बिघाड तिथे सुरू होतो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या काही अंश आधीच उकळू लागते आणि दाण्यांना वेळ अधिक लागतो. २,२४० मीटरवरच्या मेक्सिको सिटीत त्याहूनही अधिक. घरून आणलेला शिट्टीचा कुकर इथे मोठ्या उपयोगाचा ठरतो. राजमा मात्र रात्रभर भिजवून, भिजवलेले पाणी टाकून आणि पूर्ण मऊ होईपर्यंतच शिजवावा, कारण कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होऊ शकतात.

शिजलेले दाणे निथळून, उकडलेले पाणी बाजूला ठेवून, दोन-तीन मोठे चमचे डुकराच्या चरबीत किंवा तेलात परतावेत आणि पावभाजीच्या मॅशरने घोटावेत. लागेल तसे बाजूला ठेवलेले पाणी चमचा-चमचा घालावे. तयार झाल्याची खूण अशी: उलथने कढईच्या तळावरून एका रेघेत ओढावे, मागे उघडा पडलेला तळ तीन-चार सेकंद तसाच दिसला, तर घट्टपणा बरोबर आहे. रेघ लगेच मिटली तर आणखी आटवावे. निवल्यावर मिश्रण आणखी घट्ट होते, याचा अंदाज ठेवावा. आणि वाफाळते फ्रिहोलेस टोस्टाड्यावर कधीही पसरू नयेत. वाफ खाली थंड टोस्टाड्याला लागून पुन्हा पाणी होते, आणि पाठीवरचा डाग तिथूनच उमटतो. कोमट झाल्यावर, कडेला बोटभर जागा सोडून पसरावे. त्या बोटभर जागेमुळे टोस्टाडा धरायला कोरडी कड राहते.

तिसरी तपासणी: साठवण

सगळीकडे सारखा नरमपणा असेल तर वरचे सगळे निर्दोष आहे. ग्वादालाहारात जून ते सप्टेंबर पावसाळा असतो; या दिवसांत उघडे पाकीट एका रात्रीत सादळते, जसे श्रावणात कोकणात पापड सादळतात. उपाय सोपा आहे: ओव्हन १५० अंश सेल्सियसवर तापवून टोस्टाडे जाळीवर पाच ते सात मिनिटे ठेवावेत आणि बाहेर काढून पूर्ण थंड होऊ द्यावेत. गरम असताना ते किंचित नरमच लागतात; कुरकुरीतपणा थंड होताना येतो, त्यामुळे लगेच चाखून निराश होऊ नये. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर उलटसुलट करावे. मायक्रोवेव्हने मात्र ते सहसा वातड होतात. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, पण पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण लावू नये.

चौथी तपासणी: पाकिटावरचे नाव

टॉर्टिया मक्याची आहे की गव्हाची, हे पाकीट उलटून वाचावे. गव्हाच्या टॉर्टियात ग्लुटेन असते आणि मऊ राहावी म्हणून बहुतेकदा स्निग्ध पदार्थही घातलेला असतो. ती तळली तर खुसखुशीत, पापुद्र्याची होते, पण ओल लागताच चिवट होते. टोस्टाड्याला मक्याचीच घ्यावी. ताज्या मक्याच्या टॉर्टियाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते, म्हणून आजची ताजी टॉर्टिया टोस्टाड्यासाठी मुळीच चांगली नाही. टोस्टाडा हा मुळात उरलेल्या, कडक झालेल्या टॉर्टिया वाया जाऊ नयेत म्हणून केला जाणारा प्रकार आहे, आणि म्हणूनच कालच्या टॉर्टिया लागतात. कालच्या नसतील तर आजच्या एकेरी थरात पंख्याखाली दोन तास पसरून ठेवाव्यात.

पाचवी तपासणी: तळण आणि भाजण

वातडपणा, तेलकटपणा आणि फुगे ही तिन्ही लक्षणे इथे येतात. तेल १८० अंशांच्या आसपास हवे. थर्मामीटर नसेल तर टॉर्टियाचा नखाएवढा तुकडा टाकून पाहावा: तो तळाशी न बसता लगेच बुडबुड्यांसकट वर आला तर तेल तयार आहे, आणि टाकताच काळपट झाला तर जास्त तापले आहे. एका वेळी एकच टॉर्टिया सोडावी, कारण थंड, ओली टॉर्टिया तेलाचे तापमान खाली आणते, आणि तीन एकदम सोडल्या तर त्या तळल्या न जाता तेलात भिजत बसतात. बुडबुडे म्हणजे टॉर्टियातले पाणी वाफ होऊन बाहेर पडणे होय. ते जवळजवळ थांबेपर्यंत झारा लावू नये. रंग पाहून काढणारा माणूस हमखास लवकर काढतो. साधारण एक मिनिट एका बाजूने आणि त्याहून थोडे कमी दुसऱ्या बाजूने लागते. फुगा येऊ लागला तर झाऱ्याने हलकेच दाबून धरावा, कारण फुगलेल्या जागी पापुद्रा पातळ होतो आणि टोस्टाडा तिथूनच मोडतो.

तेलकटपणाचे कारण अनेकांना उलटे वाटते. तेल कढईत असताना फार आत शिरत नाही, कारण वाफ बाहेर येत असते. बाहेर काढल्यावर टॉर्टिया निवते, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून बाहेर काढल्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात जे निथळेल तेच खरे. टोस्टाडे कागदावर आडवे ठेवू नयेत; जाळीवर किंवा ताटाच्या कडेला टेकवून उभे ठेवावेत, म्हणजे तेल एका कडेला उतरते. मीठ लगेच शिंपडावे.

भाजायचे असतील तर ओव्हन २०० अंशांवर, टॉर्टियाला दोन्ही बाजूंनी तेलाचा अगदी पातळ हात, आणि थेट जाळीवर पाच-सहा मिनिटे एका बाजूने, मग उलटून तेवढीच. ट्रेवर ठेवल्यास खालची बाजू वाफेत शिजते. वर दुसरी जाळी ठेवली की कडा वळत नाहीत. स्वयंपाकघरात काटा असेल तर वजन करावे: २५ ग्रॅमची टॉर्टिया पूर्ण वाळल्यावर साधारण १५ ग्रॅमपर्यंत येते. ती १८ वर अडकली असेल, तर रंग कितीही छान असला तरी ती वातडच लागणार.

सहावी तपासणी: पीठ

वरचे सगळे नीट करूनही घरी थापलेला टोस्टाडा भुगा होत असेल, तर पीठ पाहावे. तीन वेगळ्या वस्तू इथे एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. भारतात ‘कॉर्नफ्लॉवर’ म्हणून मिळते ते मक्याचे निव्वळ स्टार्च. मक्याचे पीठ म्हणजे वाळलेला मका दळून केलेले. आणि मासाचे (टॉर्टियासाठीच्या मक्याच्या ओल्या पिठाचे) कोरडे पीठ म्हणजे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, धुऊन, वाटून, मग वाळवलेले. चुन्यामुळे मक्याची साल सुटते, आतले स्टार्च अंशतः शिजते आणि पीठ एकजीव मळता येते. शिवाय मक्यातले नायासिन शरीराला मिळू लागते. या प्रक्रियेला निश्तमालीकरण म्हणतात आणि ती मेक्सिकोत युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. साध्या मक्याच्या पिठाची भाकरी आपण उकळत्या पाण्याने मळून, थापून करतो आणि ती जमते, कारण ती जाड असते. तेवढ्याच पिठाची दोन मिलिमीटरची चकती मात्र तळताना फुटते.

मासाचे कोरडे पीठ वापरत असाल तर दोन वाट्या पिठाला दीड वाटी कोमट पाण्यापासून सुरुवात करावी, मळून ओल्या कापडाखाली अर्धा तास ठेवावे आणि मग एक गोळा चपटा करून पाहावा. कडा फुटल्या तर चमचाभर पाणी आणखी. हाताला चिकटला तर थोडे पीठ. पीठ दाबताना दोन प्लॅस्टिकमध्ये ठेवावे आणि कोमाल, म्हणजे तवा, चांगला तापवूनच टॉर्टिया टाकावी. तवा थंड असताना टाकलेली टॉर्टिया चिकटते आणि उलटताना तडकते. तो तडा डोळ्यांना दिसत नाही, पण तळताना उघडतो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

स्वतः निश्तमाल करण्याच्या भरीस पडलेल्यांना मी एका मर्यादेपर्यंतच साथ देतो. एक किलो मक्याला सुमारे दहा ग्रॅम चुना लागतो आणि तो खाण्याचाच असावा. बांधकामाचा चुना कधीही वापरू नये. शिजवणे आणि भिजवणे घरी जमते, वाटणे जमत नाही. मिक्सर त्या ओल्या मक्यात पाणी मागतो, पाणी घातले की पीठ सैल होते, आणि आपण पुन्हा पहिल्या बिघाडाशी येऊन पोहोचतो. दोन घाणे फसले की मका भांड्यासकट जवळच्या ‘मोलिनो’त, म्हणजे ओल्या मक्याच्या गिरणीत न्यावा. गिरणी जवळ नसेल तर मक्याचे तयार ओले पीठ, म्हणजे ‘मासा’, विकत घ्यावे.

तेलाच्या बाबतीत प्रयोगाला जागा नाही. तेल धुरावू लागले तर ताबडतोब आच बंद करावी. पेट घेतल्यास पाणी टाकू नये, कढई उचलून न्यायला जाऊ नये; आच बंद करून झाकणाने हवा तोडावी, आणि ज्वाला झाकणाखाली शमत नसतील तर घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे.

पूर्ण आचेवरही दहा मिनिटांत कढईतले बोटभर तेल तापत नसेल, ज्योत निळी न राहता पिवळी होत असेल किंवा भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल, तर दोष टोस्टाड्याचा नाही. इथे बऱ्याच घरांत गॅसची टाकी गच्चीवर असते. तिचा दाबनियंत्रक किंवा शेगडीचा जेट आपण उघडू नये, गॅसचे काम करणाऱ्या तंत्रज्ञालाच बोलवावे. वास येत असेल तर आधी टाकीची कळ बंद करावी, खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण दाबू नये, आणि फोन घराबाहेर जाऊन करावा. ओव्हनचे तसेच: साधा ओव्हन थर्मामीटर ठेवून दोनदा मोजल्यावर फरक ३० अंशांहून जास्त येत असेल, तर थर्मोस्टॅट दुरुस्तीवाल्याकडे सोपवावा.

आणि पाहुणे तासाभरात येणार असतील, तर वरचे काहीही न करता टॉर्टियेरियात जाऊन तयार टोस्टाडे आणावेत. हालिस्कोत ‘रास्पादा’ मागावा: अर्धवट शेकलेल्या टॉर्टियाचा वरचा पापुद्रा खरवडून, ती वाळवून केलेला, खडबडीत अंगाचा पातळ टोस्टाडा. घेताना तळलेले की भाजलेले हे विचारून घ्यावे, कारण माझ्या अनुभवात भाजलेले लवकर ओल धरतात आणि त्यांच्यावर फ्रिहोलेसचा थर थोडा जाड द्यावा लागतो.